दोन भाषांतला म्हातारा

रायपूरला तात्यापाऱ्यातील आमच्या घरात एक भांडण वीस वर्षे चालले होते. ते जमिनीचे नव्हते, दागिन्यांचे नव्हते, की भाऊहिश्शाचेही नव्हते. ते होते एका राजगुरूचे. माझे वडील आणि माझे धाकटे काका जेवायला शेजारी शेजारी बसत, आणि ताक वाढले जाईपर्यंत कधी ना कधी तो विषय निघे. वडील म्हणत, “अमृतमंथनातला राजगुरू म्हणजे आवाज. तो बोलू लागला की अंगावर काटा येई.” काका म्हणत, “दादा, आवाज कसला घेऊन बसलात? तो राजगुरू म्हणजे डोळे. नुसते डोळे!” मग कोणाची स्मरणशक्ती खरी, कोणाची खोटी, यावर दोघांचे दोन-चार शब्द होत. शेवटी आजोबा पाटावरून उठत आणि चर्चा तेथेच थांबे.

आम्हां मुलांना दोघांपैकी एकजण खोटे बोलतो आहे याविषयी शंका नव्हती. कोण, एवढाच प्रश्न होता.

पुष्कळ वर्षांनी मला समजले की दोघेही खरेच बोलत होते. वडील १९३४ साली पुण्यास शिकत होते. त्यांनी ‘अमृतमंथन’ पाहिला तो मराठी. काका रायपुरातच होते. आमच्या गावी जो ‘अमृतमंथन’ आला तो हिंदी. कथा एक, दिग्दर्शक एक, राजवाडा तोच आणि देवीची मूर्तीही तीच. राजगुरू मात्र दोन होते. मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत चंद्रमोहन. दोघा भावांनी एकच चित्रपट पाहिला होता आणि वेगळी माणसे पाहिली होती. नटांची नावे लक्षात ठेवण्याची आमच्या घरात रीत नव्हती. नाटक-सिनेमाला जावे, पण नटांविषयी बोलणे फारसे प्रतिष्ठेचे नाही, अशी आजोबांची समजूत. म्हणून भांडण मिटण्यासारखे असूनही मिटले नाही.

आज मी बोलणार आहे ते या दोन राजगुरूंपैकी मराठी राजगुरूविषयी, म्हणजे केशवराव दात्यांविषयी. नायकाविषयी बोलणे सोपे असते. नायकाचे चित्र कॅलेंडरवर येते, त्याच्यासारखे केस तरुण कापून घेतात. पण चित्रपटात बाप, सासरा, गुरुजी, सावकार, म्हातारा शेजारी अशी कामे करणारा जो नट असतो, त्याला हिंदीत ‘चरित्र अभिनेता’ म्हणतात, आणि आपणही तो शब्द तेथूनच उचलला. या नटाचे दैव चमत्कारिक आहे. लोकांना त्याची भूमिका आठवते, तो आठवत नाही. आणि त्याने एकाच भाषेत काम केले असेल, तर त्या भाषेच्या शिवेपलीकडे भूमिकाही कोणी ओळखत नाही. रायपूर हे गाव त्या शिवेवर वसलेले असल्यामुळे ही गोष्ट येथून जितकी स्वच्छ दिसते तितकी ती पुण्याहून किंवा मुंबईहून दिसत नसावी.

या शिवेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत मराठी कुटुंबे छत्तीसगढात आली. पुढे कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आणखी आली. १९५६ पर्यंत आमचा कारभार नागपुराहून चाले. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी, शाळेत हिंदी, असा आमचा नित्यक्रम. ज्यांच्या नावाची शाळा आमच्या गावात आहे त्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले ते हिंदीत, आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले तेही त्यांनीच. मातृभाषा मराठी आणि कर्तृत्व हिंदीत, ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नव्हती. नवल उलटे होते. एखादा मोठा मराठी कलावंत केवळ मराठीत काम करतो, म्हणून तो आम्हां मराठी माणसांनाच पाहावयास मिळत नसे. कारण आमच्या गावात चित्रपट लागे तो हिंदी.

आता केशवराव. केशव त्र्यंबक दाते यांचा जन्म १८८९ साली रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे या गावी झाला. विशीच्या आतबाहेर ते महाराष्ट्र नाटक मंडळीत शिरले. ही मंडळी गद्य नाटके करी, आणि केशवरावांचे पुढील सगळे आयुष्य समजून घ्यायचे तर ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. त्या काळात रंगभूमी गाणाऱ्यांची होती. नाटक म्हणजे पदे, आणि पदे म्हणजे ‘वन्स मोअर’. नट गळ्याने प्रेक्षक जिंकी, आणि एकदा गाणे जिंकले की मधल्या संवादांचे काय झाले याची चौकशी कोणी फारशी करीत नसे. गद्य नाटकाच्या नटाला हा आसरा नव्हता. त्याच्याजवळ शब्द, आणि दोन शब्दांमधली शांतता, एवढेच भांडवल. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ याच मंडळीने १९०७ साली रंगभूमीवर आणले, आणि १९१० साली इंग्रज सरकारने ते बंद केले. तानेला घाबरून सरकारने एखादे नाटक बंद केल्याचे मला ठाऊक नाही. शब्दांचे सामर्थ्य काय असते ते या मंडळीतील नटांना फार लवकर समजले असले पाहिजे.

केशवरावांनी आरंभी स्त्रीभूमिका केल्या. आजच्या प्रेक्षकाला हे ऐकून हसू येईल. परंतु ती एक कठोर पाठशाळा होती. जो माणूस आपण नाही, किंबहुना जो आपण कधीही होऊ शकणार नाही, त्याच्या ठिकाणी उभे राहण्याची सवय अशा नटाला कोवळ्या वयातच लागे. पुढे त्यांनी पुरुषभूमिका घेतल्या आणि गद्य रंगभूमीवरील पहिल्या प्रतीचा नट म्हणून त्यांचे नाव झाले. चाळिशी उलटली तेव्हा मात्र पायाखालची फळी हलू लागली होती. बोलपट आला होता. ‘आलम आरा’ १९३१ साली, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली. नाटक कंपन्या एकामागून एक बसत चालल्या.

त्या पडत्या काळात मुंबईच्या काही तरुण मंडळींनी ‘नाट्यमन्वंतर’ ही संस्था काढली. १ जुलै १९३३ रोजी त्यांनी ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक सादर केले. ब्यर्नसन या नॉर्वेच्या नाटककाराच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी ते लिहिले होते. स्त्रियांची कामे स्त्रियांनीच केली, ज्योत्स्नाबाई भोळे त्यात होत्या. रंगमंचावर घरातल्यासारखे घर उभे राहिले. आणि ते बसवले कोणी? केशवराव दात्यांनी. या संस्थेतली बहुतेक मंडळी नव्या विचारांची, पदवीधर, पाश्चात्त्य नाटके वाचलेली. त्यांनी जुन्या कंपनीतील एका नटाच्या हाती सूत्रे द्यावीत हा त्यांचाही मोठेपणा. ज्याने स्वतः लुगडे नेसून भूमिका केल्या होत्या, त्याने स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडून करवून घेतल्या. संस्था फार काळ टिकली नाही. आपल्याकडे चांगल्या संस्थांना ही एक खोडच आहे.

मग केशवराव प्रभातमध्ये आले. प्रभात फिल्म कंपनी तेव्हा नुकतीच कोल्हापुराहून पुण्यास आली होती, आणि पुण्याच्या नव्या कलागृहातला तिचा पहिला चित्रपट म्हणजे ‘अमृतमंथन’. नारायण हरी आपट्यांच्या ‘भाग्यश्री’ या कादंबरीवर तो आधारलेला. देवीपुढील बळी बंद करणारा राजा, आणि त्या सुधारणेचा सूड घेणारा राजगुरू. दिग्दर्शक शांताराम. प्रभातची पद्धत अशी की चित्रपट दोन भाषांत एकदमच तयार करावयाचा. तोच सेट, तेच दिवे, तीच वेशभूषा, आधी एका भाषेत दृश्य घ्यायचे आणि मग दुसऱ्या. काही नट दोन्ही भाषांत बोलत. ज्याचे हिंदी-उर्दू पक्के नसेल त्याच्या जागी दुसरा नट उभा राही.

चंद्रमोहन या कारणाने राजगुरू झाला. तो होता आमच्याच प्रांतातला, नरसिंहपूरचा. जन्म १९०६ चा, म्हणजे त्या वेळी अठ्ठावीस वर्षांचा तरुण. केशवराव पंचेचाळिशीचे. शांतारामांनी कॅमेरा चंद्रमोहनच्या डोळ्याच्या इतका जवळ नेला की सगळा पडदा त्या एका डोळ्याने भरून गेला, आणि हिंदुस्थानभर त्या डोळ्याचे नाव झाले. पुढे सोहराब मोदींच्या ‘पुकार’मध्ये तो जहांगीर झाला, मेहबूबच्या ‘रोटी’त धनाढ्य शेठ झाला आणि १९४९ साली अकाली गेला. त्याच्या मोठेपणाला उणे आणण्याचा माझा हेतू नाही. काकांचे म्हणणे खरे होते. ते डोळे विसरता येण्यासारखे नव्हतेच.

पण वडिलांच्या कानात जो आवाज राहिला त्याचे काय? तो वीस वर्षांच्या गद्य नाटकांनी घडवलेला होता. वडील सांगत, की तो राजगुरू ओरडत नसे. शब्द एकेक करून, मोजून दिल्यासारखा देई आणि समोरच्याला तो घ्यावाच लागे. अशा आवाजाला भाषांतर नसते. डोळा लाहोरात कळतो, मद्रासेत कळतो. आवाज जेथे ती भाषा आहे तेथेच कळतो.

ही काही आपल्याच देशाची अडचण नव्हे. युरोपात हंगेरी हा एक छोटा देश आहे, आणि तेथील भाषा शेजारच्या कोणालाही येत नाही. १९३१ साली, म्हणजे आपल्या ‘आलम आरा’च्याच वर्षी, तेथे ‘हिप्पोलित’ नावाचा एक विनोदी बोलपट निघाला. नव्याने पैसेवाल्या झालेल्या एका कुटुंबात बड्या घरचा नोकर कामाला येतो आणि सगळ्यांना शिष्टाचार शिकवून शिकवून हैराण करतो, अशी कथा. त्याचीही हंगेरियनच्या जोडीने जर्मन आवृत्ती काढण्यात आली होती. अगदी प्रभातसारखेच. त्यात घरधन्याचे काम करणारा ग्युला काबोश हा त्या देशाचा लाडका नट झाला. साधा, गांगरलेला, मध्यमवर्गीय माणूस उभा करावा तर त्यानेच. १९३९ साली राजकारणामुळे त्याला देश सोडून अमेरिकेस जावे लागले. तेथे त्याच्या भाषेचा उपयोग नव्हता. तेथील चित्रपटात त्याला स्थान मिळाले नाही, आणि १९४१ साली तो न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याचाच देशबांधव सोके साकाल. तोही तसाच गोलमटोल, तसाच लोकप्रिय. तोही अमेरिकेस गेला. त्याने आपले मोडके इंग्रजी हेच आपले सोंग केले. ‘कासाब्लांका’ या १९४२ च्या चित्रपटात उपाहारगृहातला मायाळू म्हातारा दिसतो तो साकाल. त्या चित्रपटाचा दिग्दर्शकही मूळचा हंगेरीचाच. गालांना हात लावून “अरे देवा” म्हणणारा एक परदेशी आजोबा, एवढ्या एका सोंगावर साकालने उरलेले आयुष्य काढले. तो जगला, यात आनंद आहे. पण बुडापेस्टमध्ये ज्यांनी त्याला पाहिले होते त्यांना काय वाटले असेल, असा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

केशवरावांना काबोशही व्हावे लागले नाही आणि साकालही व्हावे लागले नाही, याचे बरेचसे श्रेय १९३७ च्या एका चित्रपटाला आहे.

तो चित्रपट ‘कुंकू’. हिंदीत ‘दुनिया न माने’. नारायण हरी आपट्यांच्याच ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून तो काढला होता. अनाथ मुलीला फसवून तिचे लग्न एका वृद्ध बिजवराशी लावून देतात. मराठीत तिचे नाव नीरा, हिंदीत निर्मला, आणि काम शांता आपट्यांचे. हा नवरा वकील आहे, घरात त्याचा तरुण मुलगा आहे, विधवा झालेली, समाजकार्य करणारी मुलगी आहे. ती भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. नीरा सासरी येते, पण हे लग्न मानावयास ती साफ नकार देते. रडत नाही, पळत नाही. नकार देते. चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. भिंतीवरचे घड्याळ, भांडी, रस्त्यावरचे आवाज, एवढेच ऐकू येते. शांता आपटे गातात, पण प्रेक्षकाने कोठे गहिवरावे हे सांगणारी सारंगी मागे वाजत नाही.

या वेळी दोन्ही भाषांत काकासाहेब एकच होते. केशवराव दातेच.

या भूमिकेचा विचार करताना मला नेहमी असे वाटते की दुसऱ्या कोणत्याही नटाच्या हाती ती गेली असती तर तिचे दोनांपैकी एक झाले असते. एक, काकासाहेब हा कामांध थेरडा झाला असता आणि प्रेक्षकांनी त्याच्या नावाने बोटे मोडली असती. दोन, तो विदूषक झाला असता आणि प्रेक्षक हसले असते. दोन्ही गोष्टी सोप्या होत्या. दोन्हींनी नीरेची बाजू बळकट झाली असती, असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. केशवरावांनी तिसरेच केले. त्यांचा काकासाहेब हा सभ्य माणूस आहे. त्याला कायदा ठाऊक आहे, रूढी ठाऊक आहे, आणि दोन्ही आपल्या बाजूच्या आहेत हेही ठाऊक आहे. सगळे जग ज्याला योग्य म्हणते तेच आपण केले, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. आणि ती समजूत आपल्या डोळ्यांदेखत, हळूहळू, त्या घड्याळाच्या ठोक्यांबरोबर झिजत जाते. तो आधी चिडतो, मग तरुण दिसण्याची केविलवाणी धडपड करतो, मग लाजतो आणि मग त्याला समजते. दुष्ट माणूस हरला तर प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. पण आपल्यासारखाच एक सभ्य माणूस स्वतःचा अपराध ओळखू लागला, तर प्रेक्षकाला घरी जाणे अवघड होते. त्या वेळी केशवराव अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. म्हातारपण त्यांना चेहऱ्यावर रंगवावे लागले. पण ते सबंध रंगाचे नव्हते. एखाद्या वाक्याच्या आधी किंचित थांबणे, उत्तर येणार नाही हे माहीत असताना प्रश्न विचारणे, यांतून ते म्हातारपण आले होते.

हा चित्रपट आमच्या गावी आला तेव्हा घरात जे घडले ते मला आईने सांगितले. मी तेव्हा जन्मलेलो नव्हतो.

माझी आत्या, वडिलांची पाठची बहीण, सोळाव्या वर्षी बिलासपूरला दिली होती. नवरा बिजवर, चाळिशी ओलांडलेला. स्थळ आजोबांनीच पाहिले होते. हुंडा द्यावा लागला नव्हता. माणूस वाईट नव्हता, असेच सगळे म्हणत. ‘दुनिया न माने’ची गोष्ट काय आहे हे गावात कळले, तेव्हा आमच्या घरातले पुरुष तो पाहावयास गेले नाहीत. जाऊ नका असे कोणी म्हटले नाही. वडील पुण्याहून परत आले होते, प्रभातच्या चित्रपटांचे त्यांना वेड होते, तरी त्यांना त्याच आठवड्यात कचेरीत फार काम निघाले. काकांचे डोके दुखत होते. आजोबांनी विषयच काढला नाही. बायका मात्र गेल्या, दुपारच्या खेळाला, आणि माहेरपणाला आलेली आत्या त्यांच्याबरोबर गेली. चित्रपट संपला, सगळ्या जणी घरी आल्या. आजीने दिवा लावला. आई सांगे, की वाटेत कोणी बोलले नाही, आणि स्वयंपाकघरात कुकर नसलेल्या त्या काळात भात होईपर्यंत जो वेळ लागतो तेवढा वेळ तेथेही कोणी बोलले नाही. मग आत्या एवढेच म्हणाली, “त्या म्हाताऱ्याला कळले तरी.”

तिने नीरेविषयी काही म्हटले नाही, त्या धीट मुलीचे कौतुकही केले नाही. तिच्या लक्षात राहिला तो म्हातारा. हे वाक्य मला जेव्हा कळले त्या दिवसापासून केशवराव दात्यांच्या अभिनयावर कोणी काहीही लिहिलेले वाचले, तरी ते मला थोडे अपुरे वाटते.

चित्रपटाचा शेवट जाणकारांना रुचला नाही, हेही सांगून टाकतो. काकासाहेब नीरेला मुलगी मानतात, तिला मोकळी करतात आणि स्वतःचा अंत करून घेतात. प्रश्न सोडवण्याऐवजी प्रश्नकर्त्यालाच दूर केले, असा आक्षेप घेतात. तर्काने तो खरा आहे. त्या काळी हिंदू स्त्रीला कायद्याने घटस्फोट मिळत नव्हता, तो १९५५ साली मिळाला. तेव्हा लेखकाजवळ दुसरी वाट फारशी नव्हती. पण तो शेवट पटो वा न पटो, केशवराव त्यात हुतात्मा होत नाहीत. हिशेब चुकता करून दुकान बंद करणाऱ्या माणसासारखे ते निघून जातात.

पुढे १९४१ मध्ये पुन्हा तीच जुनी गोष्ट झाली. ‘शेजारी’ हा शांतारामांचा प्रभातमधला शेवटचा चित्रपट. विश्राम बेडेकरांची कथा. एका गावात एक हिंदू आणि एक मुसलमान म्हातारा, जन्माचे मित्र. धरणाच्या कामाच्या निमित्ताने त्यांच्यात वितुष्ट पाडले जाते, आणि अखेर धरण फुटते तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरून वाहून जातात. मराठीत जिवबा झाले केशवराव. हिंदीत, म्हणजे ‘पडोसी’त, ती हिंदू म्हाताऱ्याची भूमिका मजहर खान यांनी केली. मिर्झा मात्र दोन्ही भाषांत एकच, गजानन जागीरदार. म्हणजे हिंदीत मुसलमान नट हिंदू झाला आणि हिंदू नट मुसलमान झाला. १९४१ साली ही गोष्ट लहान नव्हती, आणि पुढील सहा वर्षांत ती आणखी मोठी झाली.

जागीरदारांचा जन्म अमरावतीचा. तेही आमच्या जुन्या प्रांताचेच. मराठी आणि उर्दू यांच्यामध्ये ते सहज ये-जा करीत, आणि त्यामुळे त्यांचा मिर्झा पुण्यातही पाहिला गेला आणि रायपुरातही. केशवरावांचा जिवबा मात्र पुन्हा आम्हांला दुरावला. मी तो पाहिला तो फार उशिरा, पुण्यात, केसांवर माझ्याच पांढरे आल्यावर. चित्रगृहात बहुतेक सगळे विद्यार्थी होते. जिवबा आणि मिर्झा यांची मैत्री तुटते त्यानंतर जिवबा एकटा असतो. त्या प्रसंगी मागच्या रांगेतील एक मुलगा दुसऱ्याला विचारीत होता, “हा नट कोण रे?” दुसऱ्याला ठाऊक नव्हते.

शांताराम प्रभात सोडून मुंबईस गेले आणि त्यांनी राजकमल उभे केले, तेव्हा केशवरावही तिकडे गेले. तेथे त्यांनी दिग्दर्शनही केले. संत सावता माळ्याच्या चरित्रावरील १९४४ चा ‘भक्तीचा मळा’ त्यांनी दिग्दर्शित केला, त्यात मास्तर कृष्णराव होते. पण दिग्दर्शक म्हणून त्यांची गणना व्हावी असे मला वाटत नाही. त्यांचे खरे स्थान कॅमेऱ्याच्या पुढे, तेही किंचित एका बाजूला. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त ते डॉक्टरांच्या वडिलांच्या भूमिकेत आहेत. भूमिका छोटी आहे. मुलगा चीनला जातो म्हणतो, आणि बापाला अभिमान व भय एकदम वाटते. जगातील कोणत्याही नटाला हे दृश्य रडून साजरे करण्याचा मोह झाला असता.

या काळात त्यांचे हिंदी सुधारले की हिंदी प्रेक्षकाचा कान सैल झाला, कोण जाणे. माझ्या समजुतीने त्यांनी मराठी वळण लपवण्याचा खटाटोपच सोडून दिला. त्यांचा हिंदी बोलणारा बाप हा मराठी बापच राहिला. आमच्यासारख्या, घराबाहेर जन्मभर तसेच हिंदी बोलणाऱ्या लोकांना त्यात काही खटकले नाही. उलट फार आपलेसे वाटले. आमचे वडील कचेरीत अगदी तसेच बोलत.

१९५५ साली ‘झनक झनक पायल बाजे’ निघाला. रंगीत चित्रपट, गोपीकृष्णांचे नृत्य, संध्याबाई. आमच्या गावी तो आला तेव्हा गर्दी इतकी झाली की तिकिटासाठी काका सकाळपासून रांगेत उभे होते. एव्हाना आजोबा वारले होते. आत्याचे यजमानही वारले होते, आणि ती कायमची आमच्याकडे राहावयास आली होती. त्यामुळे या वेळी सगळे घर एकत्र निघाले. वडील, काका, आई, काकू, आत्या आणि आम्ही मुले. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. मला रंगांपलीकडे काही दिसत नव्हते.

चित्रपटात नृत्यगुरू मंगल महाराज आहेत, नायकाचे वडील. कलेपुढे दुसरे काही न जाणणारे, कडक, सहासष्ट वर्षांच्या नटाने उभे केलेले. ते पडद्यावर आले आणि पहिली दोन वाक्ये बोलले. माझ्या उजव्या हाताला वडील बसले होते. ते एकदम ताठ झाले आणि काकांच्या दंडाला धरून म्हणाले, “ऐक! हाच तो. हा माझा राजगुरू.”

काका पुढे वाकून पाहू लागले. ते अर्थात डोळे शोधीत होते, आणि ते त्यांना सापडत नव्हते.

त्याच वेळी डाव्या बाजूने आत्या हळूच, कोणालाही उद्देशून नव्हे, म्हणाली, “हे तर काकासाहेब.”

“कोण काकासाहेब?” वडिलांनी विचारले.

मागच्या रांगेतील माणसाने आम्हांला गप्प बसण्यास सांगितले. मध्यंतरात दिवे लागले. काकांनी सगळ्यांसाठी शेंगदाण्याच्या पुड्या आणल्या. वडिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा आत्याने पुडी उलगडता उलगडता सांगितले, “दुनिया न माने मधले. दादा, तू तेव्हा यायला हवे होतेस.”

वडील काही बोलले नाहीत. काकाही बोलले नाहीत. पुन्हा अंधार झाला आणि पडद्यावर मंगल महाराज बोलू लागले. वडिलांच्या हातातली पुडी शेवटपर्यंत तशीच होती, ती घरी आल्यावर मी खाल्ली. त्यानंतर राजगुरूचे भांडण आमच्या घरात पुन्हा झाले नाही. केशवराव दाते १९७१ साली निवर्तले. ती बातमी वडिलांनी सकाळी वर्तमानपत्रात वाचली, आणि ते वर्तमानपत्र, चष्म्यासह, उचलून स्वयंपाकघरात आत्याकडे नेऊन दिले.